सगळ्या मुलींना एकच भीमराज

"घारीला आभाळातून उंदीर दिसतो. मला उंदराच्या मनातलं दिसतं. म्हणून सांगतो, हे पोहे मुलीनं केलेले नाहीत."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो चहाचा ट्रे धरून, मान खाली घालून. मला बघायला आलेले नंदकुमार शेट्ये माझ्या वडिलांना स्वतःची ओळख करून देत होते. पोहे मीच केले होते. तरी लग्न झालं. तेव्हापासून अंधेरीच्या आमच्या दीड खोलीत ‘शेट्ये गुप्तहेर कार्यालय’ नांदतं आणि मी, सुलक्षणा, त्यातली सहायक. शिवाय पोहेही करते.

अठ्ठ्याऐंशी साली पार्ल्याच्या राजारामभाऊंनी आम्हाला बोलावलं. त्यांचं वधूवर सूचक मंडळ होतं आणि त्यात नवा कॉम्प्युटर. त्यांची लेक अनुपमा त्याला शिकवायची. यंत्र स्थळ सुचवी, घरचे बघून येत, नकार आला तर तो का आला हे अनुपमा यंत्राला टाइप करून सांगे, आणि त्यावरून ते पुढचं स्थळ सुधारून देई. ठेच खात, कुणाचं बोट धरून चालायला शिकणारं लेकरूच ते.

पण लेकरू हट्टाला पेटलं. कुठल्याही मुलीचं नाव घाला, स्थळ एकच: घाटकोपरचा भीमराज, ड्राफ्ट्समन. दहिसरच्या एक आजी नातीचं नाव घालायला आल्या, त्यांनाही भीमराज. लोक वैतागून नावं काढून घ्यायला लागले. राजारामभाऊ म्हणाले, रविवारपर्यंत छडा लागला नाही तर त्या भीमराजला मंडळातून काढतो आणि यंत्र भंगारात देतो. हे ऐकून अनुपमाचा चेहरा उतरला. यांनी ते बरोबर टिपलं आणि मुलीला पित्त झाल्याचं निदान केलं.

यांचा पहिला तर्क, भीमराजनं यंत्राला लाच दिली. यंत्राला लाच द्यायची कशात, असं मी विचारलं.

"विजेत," हे म्हणाले.

दुसरा तर्क करणीचा. यंत्राच्या पाठीमागे कुंकू आणि वाळलेला झेंडू सापडला. दसऱ्याची पूजा आपणच केली होती, असं राजारामभाऊंनी खाकरत सांगितलं. तिसऱ्या तर्कापायी हे माझी नऊवारी नेसून, मिशीवर पदर ओढून, कुमारी नंदा म्हणून नाव नोंदवून आले. यंत्रानं त्यांना भीमराज दिला. घरी आल्यावर नऊवारी सोडून तिची नीट घडी घातली. मग म्हणाले, "पगार बरा आहे गं त्याचा."

शेवटी रविवारी भीमराजला मंडळात चौकशीला बोलावलं. सावकाश बोलणारा, हसला की डोळ्यांनी हसणारा मुलगा. यांनी त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या आणि जन्मवेळ विचारली. तो म्हणाला, आमच्या घरी पत्रिका मानत नाहीत, तो रकाना मी कोराच सोडलाय.

"पाहा," हे म्हणाले, "मुरलेला गुन्हेगार जन्माचासुद्धा पुरावा ठेवत नाही."

मी अनुपमाला म्हटलं, लोकांचे नकार दाखव गं जरा. तिनं बटणं दाबली. पडद्यावर हिरव्या अक्षरांची रांग लागली: पत्रिका जमत नाही, पत्रिका जमत नाही, पत्रिका जमत नाही.

मला हसू फुटलं. मुलाला टक्कल आहे, सासू खाष्ट दिसते, असं आपल्यात कोण तोंडावर सांगतं? नकार कितीही उघडानागडा असो, आपण त्याच्यावर पत्रिकेचा शेला पांघरतो. बिचाऱ्या यंत्रानं शेलाच खरा मानला. माणसांना फक्त पत्रिका खुपते, तर ज्याला पत्रिकाच नाही तो सगळ्यांना चालेल, एवढा साधा हिशेब. भीमराजलाही लोक तेच कारण देत. पण कोऱ्या रकान्याशी न जमायचं काय, म्हणून ते यंत्राच्या गळी उतरत नव्हतं.

"मला हे पहिल्या दिवशीच ठाऊक होतं," हे म्हणाले.

राजारामभाऊंचा जीव भांड्यात पडला. आता घरोघरी जाऊन खरी कारणं आणू म्हणाले. पण माझी नजर पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर गेली होती. मुलगी अनुपमा, मुलगा भीमराज, पत्रिका जमत नाही.

"भाऊ," मी विचारलं, "ज्याला पत्रिका नाही, त्याची तुमच्या लेकीशी जमली नाही, ती कशी?"

राजारामभाऊ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. भीमराज बशीतल्या बिस्किटाकडे. मग भाऊ पुटपुटले, अनुपमा, तुझं काय खरं कारण असेल ते तूच घाल.

तिनं बटणांवरचे हात उचलले आणि पदरात घेतले.

"नकार तुम्ही कळवलात, बाबा. मला कुणी विचारलंच नव्हतं. मला भीमराज पसंत आहेत."