आत्याबाईंच्या सोफ्यावर स्फोट

आत्याबाईंनी लग्नात दिलेला सोफा घरातून घालवायचा कसा, हा इंजिनिअरच्या बायकोपुढचा संसाराइतकाच जुना प्रश्न होता. शेवाळी रंगाचं ते धूड निम्मी खोली अडवून बसलं होतं. येणाऱ्याला अंग चोरूनच आत यावं लागे. टाकून द्यावं तर आत्याबाई दरवर्षी राहायला येत, आणि त्यांचं मन दुखावणं दोघांच्याही जिवावर येई.

इंजिनिअर ज्या प्रयोगशाळेत होता, तिथं स्फोटाने भिंती-खिडक्यांचं काय होतं ते तपासत. या वेळी चाचणीघरात एक नकली दिवाणखाना उभा केला होता. बाहेर स्फोट झाला तर खिडकी आत किती येते, ते पाहायचं होतं. सामान तेवढं हवं होतं.

"सोफा नेतो," तो बायकोला म्हणाला.

"परत नाही ना येणार?"

"अगं, चिंध्या होतील त्याच्या."

"आणि आत्याबाईंना काय सांगायचं?"

"विज्ञानाच्या कामी आला म्हणून."

त्या दिवशी डब्यात त्याच्या आवडीची भाजी होती.

पहिल्या स्फोटात काचेला तडे गेले, पण एक कपची आत आली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअर तेवढा तोंड पाडून उभा होता.

"काच टिकली, तर तुला काय झालं रे?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. आनंदच झाला."

दुसरा स्फोट मोठा होता. फरशीवरच्या खुणेवरून सामान हलवायचं नाही, हा तिथला पहिला नियम. इंजिनिअरने कोणी बघत नाहीसं पाहून सोफा थेट खिडकीखाली ढकलला. स्फोट झाला, अख्खी चौकट उखडली आणि सोफ्याच्या पाठीवर येऊन निवांत टेकली. सोफ्याला साधा ओरखडाही नव्हता.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "चौकट किती लांब उडते ते मोजायचं होतं. ती यानं झेलली. चाचणी बाद. कुणी सरकवला हा?"

इंजिनिअरने मान खाली घातली.

"आजच्या आज घरी ने. आपल्याला मोडणारं सामान लागतं."

संध्याकाळी हमालांनी सोफा जागेवर ठेवला. आतल्या खोलीत बायकोची भांडी जरा जास्तच वाजली. तेवढ्यात बॅग घेऊन आत्याबाई दारात. अंग चोरून आत आल्या आणि सोफ्याकडे बघतच राहिल्या.

"हा अजून आहे?"

"आहे की," बायको घाईने म्हणाली. "तुमची आठवण ना."

"कसली आठवण, सूनबाई. आमच्या घरातून काही केल्या जाईना, म्हणून तुमच्या गळ्यात मारला. याच्या आतोबांनी वैतागून कुऱ्हाड घातली होती एकदा. दांडा मोडला." आत्याबाईंनी आवाज खाली आणला. "दरवर्षी येते ती तुम्ही कसा घालवलात ते बघायला."

इंजिनिअर आणि बायको एकमेकांकडे पाहत राहिले. मग बायकोला हसू आवरेना, आणि हसता हसता ती सोफ्यावरच बसली.

"चांगला आहे हो बसायला," ती म्हणाली.