गावंडे साहेब पाणी सोडून पाहतात

गावंडे साहेब पहिल्यांदा माझ्या घरी आले, तेव्हा मी रीतीप्रमाणं तांब्याभर पाणी पुढं केलं. साहेबांनी तांब्या घेतला आणि सगळं पाणी माझ्या ओटीवर ओतलं.

मी म्हणालो, "आंगूळ करायची आसंल तर मोरी मागल्या बाजूला हाय."

साहेबांचं लक्षच नाही. दोन्ही गुडघे टेकून बसले, गाल फरशीला लागायचा तेवढा राहिला, आणि पाणी कुठं जातंय ते बघत राहिले. पाणी जरा घुटमळलं, मग निवांत उंबऱ्याकडं निघालं. साहेब उठले, गुडघे झटकले नि वाईट बातमी द्यावी तसं हळू आवाजात म्हणाले, "आबाजी, तुमची ओटी आतल्या अंगाले उतरते. बाहेरचं पाणी घरात बोलावून राह्यली."

"ओटीनं बोलीवलं तरी मी येऊ देत न्हाई. खोली बगायची हाय का न्हाई?"

माणूस चक्रम आहे हे मला तिथंच कळलं. पण माझा मुलगा संतोष वरची खोली त्यांना देऊन मोकळा झाला होता. माझी कारभारीण गेल्या वर्षी गेली. संतोष भूगावला फ्लॅटात राहतो. म्हाताऱ्याच्या डोक्यावर कुणाची तरी पावलं वाजावीत, एवढाच त्याचा विचार. पावलं वाजायची खरी. पण त्यांच्यासोबत बादली पण वाजायची.

साहेब अकोल्याकडचे. पन्नाशी ओलांडलेले, काडीसारखे, डोक्याला कायम कापडी टोपी. आमच्या घोटावड्यात माझ्या घराच्या वरच्या उतारावर एका कंपनीला मॉल बांधायचा आहे. आज त्या जागेवर पडलेला पाऊस किती मुरतो, उद्या सगळीकडं सिमेंट झाल्यावर किती वाहील, आणि खालच्या नाल्यांच्या नि पायपांच्या पोटात तेवढं मावेल का, हे काढायला साहेबांना आणलेलं.

मी विचारलं, "पान्यासाठी मानूस ठिवावा लागतोय व्हय?"

तर म्हणाले, "आबाजी, पडते ते देवाचं. पडल्यावर जाते कुठं, ते माह्यं."

मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. मला ते उत्तर पटलं.

साहेबांचा एक मंत्र होता. कुणी काही बोललं, कसलाही सल्ला मागितला, की ते हात वर करायचे. "थांबा बाप्पा. आधी पाणी सोडून पाहू." शेजारच्या चांदे गावात एका लग्नात पंगत बसायची होती. साहेबांनी कार्यालयाच्या मधोमध पेला उपडा केला, ओणवे झाले नि ओरडले, "नवरदेवाकडच्यायले उठवा तिथून!" यजमान हात जोडून मागं, "साहेब, त्येस्नी कसं उठवू, आदीच रुसल्यात." कुणी उठलं नाही. मठ्ठा वाढताना पिंप कलंडलं आणि सगळा मठ्ठा रांगेनं नवऱ्याच्या मामाच्या मांडीखाली गेला. लोक सांगतात, साहेबांना पाण्यातलं कळतं. मी सांगतो, ते मठ्ठ्याला पण लागू होतं.

माझ्या पुतणीला स्थळ आलं तेव्हा मी त्यांना पाव्हणा म्हणून नेलं. ती माझी चूक. पोरगा नोकरीवाला, घर स्लॅबचं. सगळे पोहे खाताहेत, साहेब गायब. मोरीतनं बादलीचा आवाज. बाहेर आले ते सरळ पोराच्या आईपुढं उभे राहिले. "ताई, मोरी तुंबली हाये. कवापासून?"

बाई म्हणाली, "आसंल म्हैनाभर."

"म्हैनाभर पाणी तुंबते अन् घरातलं कोणी बोलत नाई? मग आमची पोरगी इथं येऊन काय बोलन?"

माझा भाऊ माझ्याकडं असा बघायला लागला, की मी पोह्यांची बशी खाली ठेवली. पण दुसऱ्या दिवशी पोरगा स्वतः सळई घेऊन मोरीत उतरला, असं कानावर आलं. मग आमच्याकडनं होकार गेला. पोरगी आता सुखात आहे आणि सगळ्यांशी सडेतोड बोलते.

जेवायला बसले की साहेब भाताचा बांध घालणार, एका बाजूनं आमटी आत सोडणार, दुसऱ्या बाजूला बोटानं वाट काढून देणार. संतोषची बायको एकदा म्हणाली, "काका, जेवताय का बांधकाम करताय?" साहेब म्हणाले, "पोरी, आधी वाट, मग आमटी. लोकं उलटं करतेत."

अशा माणसानं एक चूक केली. तीही माझ्याच दारात.

माझ्या घराला लागून एक पाणंद जाते. डोंगराकडं जायची जुनी वाट, दोन्हीकडं बांध नि मधे खोलगट. कंपनीच्या नकाशावर तिला जुना रस्ता म्हटलं होतं. साहेबांनी मला विचारलं, "आबाजी, पाणंद म्हणजे आमची पांदनच न?"

मी म्हणालो, "तीच आसंल. बैलगाडी जाती न्हवं?"

झालं. त्यांच्या मुलखात पांदनीतून गाडी जाते आणि मागं धुरळा उडतो. साहेबांनी मनात धुरळा धरला. एक दिवस ओटीवर नकाशा पसरून मला कौतुकानं समजावत होते. हे पार्किंग, ही दुकानं, आणि ही निळी रेघ म्हणजे मॉलचं पाणी, जुन्या रस्त्याच्या कडेनं खाली जाणार.

मी विचारलं, "निळी रेग पानंदीत कशी काय?"

"रस्ता हाये न तो."

"आवो साहेब, उनाळ्यात रस्ता! पावसाळ्यात त्यो वढा हाय. समद्या डोंगराचं पानी हितनंच उतरतंय. आमची म्हस गेलीय वाहून ह्यातनं, आन् तुमी वर मॉल वतताय व्हय?"

साहेबांची टोपी हातात आली. मी त्यांचं टक्कल पहिल्यांदा तेव्हा बघितलं. "बाप्पा," म्हणाले, "शब्द एकच, अन् मी त्याच्यातलं पाणीच काढून टाकलं."

आता माझं काय होतं ते सांगतो. पावसाळ्यात डोंगराचं पाणी माझ्या खालच्या पायरीला पाय लावून जातं. आत येत नाही. तेवढी त्याची नि माझी ओळख आहे. त्यात मॉलचं मिळालं तर ते घरातच येणार. आणि एकदा पाणी घरात आलं, की संतोष मला उचलून भूगावला नेणार. पोरगा चांगला आहे, फ्लॅटही चांगला आहे. पण कारभारीण त्या फ्लॅटात कधी राहिली नाही. तिथं मला तिची आठवण यायला जागाच नाही. हितं चुलीपाशी येते, मोरीपाशी येते, कडीला हात लावला तरी येते.

मी साहेबांना एवढंच म्हणालो, "मी हितनं हालनार न्हाई."

ते म्हणाले, "थांबा. आधी पाणी सोडून पाहू."

आणि भर मे महिन्यात त्यांनी प्लॉटवर धूळ बसवायला येणारा टँकर पाणंदीच्या डोक्यावर नेऊन उघडला. कंपनीचा मॅनेजर पांढरे बूट घालून हजर. अर्धं गाव बांधावर. पाणी सुटलं मात्र, शेजारची शेवंताबाई हंडा घेऊन धावत आली.

"आगं बया बया! आमी नळाखाली तपश्चर्या करतोय आन् ह्यो टोपीवाला पानंदीला आंगूळ घालतोय! तुज्या बापानं खंदलीय का रं हीर?"

तिच्यामागं सगळ्या बायका. साहेब काकुळतीला आले. "माय, भरा, पण टँकरच्या तोंडाले लावून भरा. मधातून नका घेऊ, माह्यं गणित बिघडते!"

गणित बायकांनी बिघडवलंच, उरलेलं पाणी जमिनीनं पिऊन टाकलं. पाणी माझ्या घरापर्यंत आलंच नाही. मॅनेजर खूश. "देखा? पाणी पोचतच नाही. उगाच टेन्शन घेता तुम्ही लोक."

मला मेल्यासारखं झालं. साहेब मात्र शांत. म्हणाले, "भुई तहानली होती, प्याली. तुमच्या पार्किंगले तहान लागन का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मांडववाल्याकडच्या ताडपत्र्या आणून तो सगळा उतार झाकला. "हे तुमचं सिमेंट," मॅनेजरला म्हणाले. शेवंताबाईला आधीच हंडे भरून दिले आणि मग टँकर उघडला. मॅनेजर फोटो काढायला पाणंदीत मधोमध उभा. मी म्हणालो, "जरा बाजूला व्हा." तो म्हणाला, "डोंट वरी, आबा."

ताडपत्रीवरनं पाणी असं सुटलं, की बघणाऱ्यांनी पण बांधावर पाय वर घेतले. मॅनेजर बसला तो सरळ चिखलातच. एक बूट निघाला नि वाटेला लागला. तो मला माझ्या दुसऱ्या पायरीवर सापडला. मॅनेजर लंगडत लंगडत आला, तेव्हा मी बूट उपडा करून त्याच्या हातात दिला. "घ्या. तुमच्या मॉलातला पयला माल आला."

गाव हसलं. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या पायरीकडं बघत होते. मग आत आले आणि आषाढात पाणी कुठवर चढेल ते दाखवायला भिंतीवर तळवा ठेवला. "इथवर, आबाजी."

ठेवला तिथं आधीच एक हात होता. संतोषच्या लग्नात कारभारणीनं उमटवलेला, कुंकवाचा. मी भिंतीला रंग देऊ दिला नाही तो त्याच्यामुळंच. साहेबांनी चटका बसावा तसा हात मागं घेतला. त्या दिवशी जेवले पण नाहीत नीट. आमटी सगळ्या भातावर पसरली, तरी त्यांनी बांध घातला नाही.

पुढं ग्रामसभा लागली. साहेबांनी उभं राहून सांगितलं, की पार्किंगखाली मोठी टाकी बांधा, पावसाचं पाणी तिच्यात धरा, आणि मोठ्या रस्त्याच्या कडेनं पाइप टाकून हळूहळू नदीला सोडा. पाणंदीत मॉलचा एक थेंब नको. मॅनेजरला ते जड गेलं. टाकी म्हणजे तळघरातली दुकानं जाणार. तो म्हणाला, "साहेब, पाणंदीला लागून घर एकच आहे. तेही रिकामं होणार. आबांचे चिरंजीव बोलले माझ्याशी, ते त्यांना भूगावला शिफ्ट करतायत. रिकाम्या घरासाठी एवढी टाकी?"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. संतोष बोलला असेल. बापाच्या काळजीनं बोलला असेल. पण मी खोडासारखा बसलो नुसता.

साहेब म्हणाले, "ते घर रिकामं नाई. त्यात दोघं राह्यतात."

"कोण दोघं? आबा तर एकटे आहेत."

"दोघं." साहेबांनी टोपी नीट केली. "मी आकडा चुकीचा सांगत नाई."

माझ्या कारभारणीला खांदा दिलेली माणसं समोर बसली होती. शेवंताबाईनं डोळ्याला पदर लावला. आमच्या सरपंचबाई घसा साफ करून म्हणाल्या, "ऐकलं न्हवं, म्यानेजर? दोगं ऱ्हात्यात. टाकी बांदायची, न्हाईतर गावाचा ठराव मिळायचा न्हाई." हात वर झाले. मॅनेजरनं दोनदा फोन लावला आणि शेवटी मान डोलावली.

दिवस मावळायला साहेब आणि मी पाणंदीनं घरी निघालो. मला बोलल्याशिवाय राहवेना. म्हणालो, "साहेब, कारभारनीला जाऊन वरीस झालं, तुमाला ठावं हाय. तरी तुमी तिला सबेत धरली. लई बरं वाटलं. पर माज्यापायी खोटं बोलाय लागलं तुमाला."

साहेब चालता चालता उभे राहिले. काही वेळ त्यांना कळेचना. मग कळलं, तसा त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"आबाजी, मी... मी त्यायले नव्हतं धरलं." टोपी काढली, परत घातली. "मी मलेच धरलं होतं. तुमी खाली, मी वर. दोघं."

मी वळून त्यांच्याकडं बघितलं.

"भाडेकरू धरत नाई काय घरात? चुकलं असन तर उद्या जाऊन सांगतो गावाले. लग्न केलं नाई, बदल्याच होत राह्यल्या. आजवर कोणी कुठं राह्यता इचारलं, की कंपनीचं नाव सांगत आलो. आज तोंडातून घर निघून गेलं."

"चुकलंच तुमचं," मी म्हणालो.

साहेबांनी मान खाली घातली.

"दोन न्हाई. तीन सांगायचं हुतं."

आकड्यावर हा माणूस देवाचं ऐकत नाही, आता वाद घालणार असं मला वाटलं. पण घातला नाही. पुढं झाले, फाटकाची कडी काढली, आणि आधी मला आत जाऊ दिलं.