टिटवीने पाहिलेली परात

एका जंगलात लष्कर होतं. शत्रू नव्हता, पण लष्कर होतं. हसू नका, मुलांनो. शत्रू काय, कधीही येऊ शकतो.

हे लष्कर होतं रानडुकरांचं. रानडुक्कर शूर असतो, त्याचे सुळे धारदार असतात आणि उकरण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. अडचण एकच. त्याची मान वर होत नाही. म्हणून आकाशाचं खातंही त्यांच्याकडेच दिलं होतं. तिथे कसलाही धोका नाही, असं ते दरवर्षी छातीठोकपणे सांगत.

एकदा भर दुपारी टिटवी माळावर अंडी उबवत बसली होती. तिच्या डोक्यावर एक चकचकीत परात येऊन थांबली. पंख नाहीत, आवाज नाही. थोड्या वेळाने सरळ वर निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, जरा आणखी खाली. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात, बिचारी ती उचलून नेणार कुठे?

तिने लष्कराला कळवलं. मेजर सुळेराव पलटण घेऊन चौकशीला आले. आधी त्यांनी टिटवीचीच चौकशी केली. मोहाची फुलं खाल्ली होती का, घराण्यात कुणी भ्रमिष्ट होतं का, टिटव्या उगाच ओरडतात हे खरं का. मग त्यांनी निकाल दिला की ते गिधाड होतं, पाठीवर ऊन पडलेलं.

"साहेब, या जंगलातली गिधाडं केव्हाच संपली," टिटवी म्हणाली.

"मग परत आली असतील. अभिनंदन," मेजर म्हणाले.

तेवढ्यात परात आली आणि थेट मेजरांच्या डोक्यावर थांबली. सगळ्या पलटणीवर सावली पडली.

"साहेब, आत्ता बघा ना. वर," टिटवी म्हणाली.

मेजरांनी सावली बघितली. सावली जमिनीवर होती, म्हणजे प्रकरण जमिनीचं होतं. त्यांनी उकरायचा हुकूम दिला.

टिटवी पंख पसरून आडवी आली, ओरडली, चोची मारल्या. पण एकदा उकरायला लागलेलं लष्कर मध्येच थांबत नाही. बघता बघता सगळा माळ नांगरून निघाला. काही अंडी फुटली, काही पलटणीच्या पोटात गेली. परात केव्हाच निघून गेली होती. तिने गवताच्या काडीलाही धक्का लावला नव्हता. सांगताना मला अजून राग येतो.

संध्याकाळी मेजरांनी सगळ्या जंगलासमोर निष्कर्ष जाहीर केला. आकाशात परकी वस्तू होती, हे आता सिद्ध झालं आहे, आणि अंडी तिनेच फोडली.

"दुपारी तुम्ही गिधाड म्हणत होता," टिटवी म्हणाली. "आणि अंडी तुम्ही फोडलीत. मी तिथेच होते. तुमच्या तोंडाला अजून बलक लागलाय."

"बाई," मेजर समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्हाला ना, काहीही दिसतं."

सगळं जंगल हळहळलं. परातीपासून रक्षण व्हावं म्हणून लष्कराचा कंदमुळांचा वाटा दुप्पट झाला आणि माळावर कायमची छावणी पडली. टिटवीने सांत्वनाला आलेल्यांना एवढंच सांगितलं, की आपल्याला काही दिसलं नव्हतं.

तात्पर्य : मुलांनो, आकाशात काही विचित्र दिसलं तर ताबडतोब लष्कराला कळवा. नाही कळवलंत, तर तुमची अंडी कुणी फोडली हे तुम्हाला अधिकृतपणे कधीच कळणार नाही.