गायधनींचं लोडशेडिंग

राजन गायधनींनी तो कॉम्प्युटर टीपॉयवर ठेवला, तेव्हा चारुशीलाला आधी तो लाडवांचा डबा वाटला. झाकणाला हात घालून तिनं उघडायचा प्रयत्नही केला. गायधनींनी तिला अभिमानानं थांबवलं. कुवेतमध्ये एगैलातल्या त्यांच्या हॉलमध्ये सोफा, शोकेस आणि देव्हारा सोडून जी वीतभर जागा उरत होती, तिच्यात मावेल असा गेम खेळायचा कॉम्प्युटर त्यांनी हवल्लीच्या बाजारातून शोधून काढला होता. तोही खास तिच्यासाठी. चारुशीला सरकारी दवाखान्यात अतिदक्षता विभागात सिस्टर होती आणि कुवेतच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये सारखी नापास होत होती. परीक्षक तिला दरवेळी एकच सांगायचा, की तुम्ही फार वेगानं चालवता. निदान पडद्यावर तरी तिला हवी तशी गाडी हाणता यावी, असा गायधनींचा प्रेमळ हेतू होता.

दुकानदार झहूरनं त्यांना सावध केलं होतं. त्याचं म्हणणं असं, की तुम्ही निवडलेलं ग्राफिक कार्ड राक्षसासारखं वीज खातं आणि या डब्यात बसणारा पॉवर सप्लाय चिमणीएवढा आहे. मोठा डबा घ्या, मोठा सप्लाय घ्या. गायधनी हसले. ते तेलशुद्धीकरण कारखान्यात वरिष्ठ विद्युत अभियंता होते. अख्ख्या कारखान्याची वीज त्यांच्या सहीनं इकडून तिकडे जायची. त्यांना एक गेमच्या कॅसेटा विकणारा माणूस वॅट शिकवत होता.

"झहूरभाई, डायव्हर्सिटी मालूम है?" त्यांनी विचारलं.

झहूरला मालूम नव्हती. मग ती सगळ्यांना सांगायची जबाबदारी गायधनींवर आली. आधी झहूरला, मग घरी बायकोला. "हे बघ चारू, घरात गिझर असतो, मिक्सर असतो, इस्त्री असते. म्हणून कुणी अंघोळ करता करता इस्त्री फिरवत चटणी वाटतं का? सगळी यंत्रं कधीही एकदम पूर्ण वीज घेत नसतात. सगळ्यांची बेरीज करायची आणि तिला शून्य पॉइंट सहानं गुणायचं. याला म्हणतात डायव्हर्सिटी. अख्खं शहर यावर चालतं."

चारुशीलानं गाडी सुरू केली. गाडी सुटली, पहिलं वळण आलं, तिनं ब्रेक मारला, मागून दोन गाड्या आल्या, टायरमधून धूर निघाला आणि कॉम्प्युटर टप्पकन बंद पडला.

"पाहिलंस?" गायधनी खूश होऊन म्हणाले. "ट्रिप झाला. म्हणजे प्रोटेक्शन उत्तम आहे."

ही बातमी एवढ्यावर राहिली असती, पण तिथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत चारुशीलानं ती मैत्रिणीला, रसिकाला, सांगितली आणि रसिकाशेजारी जयदीप बसला होता. जयदीप एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होता, डोंबिवलीचा होता आणि मंडळाच्या वार्षिक नाटकाची प्रकाशयोजना आपल्याकडे यावी म्हणून कित्येक वर्षं जीव टाकत होता. ती होती गायधनींकडे. नाटकाच्या पत्रिकेत 'प्रकाशयोजना: राजन गायधनी' अशी ओळ छापली जायची. गायधनींना कारखान्यात मिळालेल्या दोन बढत्या लोकांच्या लक्षात नव्हत्या, पण ही ओळ त्यांनी नाशिकला भावाकडे फ्रेम करून पाठवली होती.

"राजनराव, तुमचा एसएमपीएस, म्हणजे तो पॉवर सप्लाय हो, लहान पडतोय," जयदीप सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणाला. "डब्याला पुरेल एवढी वीज मोजता येत नसेल, तर रंगमंचाचं काय?"

गायधनींनी चहाचा कप खाली ठेवला. शुक्रवारी दुपारी आपल्या घरी मंडळाची मोटारशर्यत ठेवू, असं त्यांनी जाहीर केलं. सगळ्यांनी यावं. जयदीपनं स्वतः खेळावं. शर्यत पुरी व्हायच्या आत कॉम्प्युटर बंद पडला, तर प्रकाशयोजना जयदीपची. अध्यक्ष डॉक्टर हरिश्चंद्र सबनीस नको नको म्हणत होते, पण त्यांनाच पंच नेमण्यात आलं.

तिकडे महाराष्ट्रात त्या वर्षी लोडशेडिंगनं कहर केला होता. नाशिकच्या भावाची गायधनी दर आठवड्याला फोनवर कीव करायचे. आता तीच योजना त्यांनी आपल्या डब्याला लागू केली. आधी सीडी ड्राइव्हची वायर काढली. मग शोभेचा निळा दिवा. तरी दुसऱ्या वळणावर ट्रिप. मग ते गेमच्या आतच शिरले. रस्त्याकडेची झाडं काढली. सावल्या काढल्या. पाऊस थांबवला. प्रेक्षकांना घरी पाठवलं. अखेर चारुशीलाला त्यांनी बजावलं, की ब्रेक आणि हॉर्न एकदम वापरायचा नाही.

"अहो, असल्या ओसाड रस्त्यावर गाडी पळवायला गेम कशाला हवा?" चारुशीला म्हणाली. "सुलैबियाच्या पुढे वाळवंटात फुकट आहे की."

"थोडी काटकसर करावी लागते. वीज आहे ती."

"आमच्याकडे पेशंट बिघडला की व्हेंटिलेटर, पंप, मॉनिटर, सगळं एकदमच लागतं. तेव्हा पंपाला सांगू का, जरा थांब, व्हेंटिलेटरचं आटपू दे म्हणून? वळणावरसुद्धा तसंच होतं. सगळं एकदम येतं."

गायधनींनी हा मुद्दा मान्य केला नाही, पण दुसऱ्या दिवशी एका जुन्या कॉम्प्युटरचा मोठा सप्लाय घरी आणला. तो डब्यात मावेना म्हणून शेजारी स्टुलावर ठेवला आणि त्याच्या वायरी फटीतून आत घेतल्या. आता आतला सप्लाय कॉम्प्युटरला आणि बाहेरचा एकट्या राक्षसाला. दोन्ही तापू लागले, म्हणून समोर स्टँडचा पंखा आला. पंख्यानं देव्हाऱ्यातली निरांजन विझू लागलं, म्हणून देव्हारा बेडरूममध्ये गेला. चारुशीलानं दवाखान्याच्या सवयीनं फर्मावलं, की मागे बॅटरी हवी. मग सोफ्याच्या अर्ध्या भागावर सुटकेसएवढा यूपीएस बसला. वीतभर जागेसाठी घेतलेला कॉम्प्युटर गुरुवारपर्यंत दारापासून बाल्कनीपर्यंत पसरला होता. पण तो चालत होता. झाडं परतली, प्रेक्षक परतले, पाऊस पडू लागला आणि चारुशीलानं रात्री झोपण्यापूर्वी सगळ्या गाड्यांना मागे टाकून दाखवलं.

शुक्रवार जुलैतला होता. बाहेर कावळासुद्धा सावलीतून सावलीत चालत जात होता. मंडळ सहकुटुंब लोटलं. चार खोल्यांतले एसी पूर्ण जोरात, स्वयंपाकघरात रसिकाची विजेची कढई आणि तिच्यात बटाटेवडे, चहाचा मोठा बंब, मायक्रोवेव्ह, शिवाय कुणाच्या तरी बाळानं सरबत सांडलेले कपडे धुवायला मशीन. दोनदा घराचा ब्रेकर पडला. गायधनी खाली जाऊन इमारतीच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, भेटले. कासम त्याचं नाव. त्याच्या कृपेनं शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमधून एक जाड वायर ओढून आणली गेली.

डॉक्टरांनी घाम पुसत विचारलं, "राजन, पूर्ण इमारतीवर ताण येणार नाही ना?"

"डॉक्टर, डायव्हर्सिटी," गायधनी म्हणाले. "पाचही मजल्यांवर सगळे एकाच वेळी थोडेच एसी लावून बसलेत?"

जुलैतल्या शुक्रवारी, जेवणानंतर, पाचही मजल्यांवर सगळे एकाच वेळी एसी लावून बसले होते.

जयदीप खुर्चीत बसला. त्यानं गेममधलं जे जे वाढवता येतं ते सगळं वाढवलं. पाऊस मुसळधार केला, प्रेक्षक दुप्पट केले, वर विजाही चमकवल्या. शर्यत तीन फेऱ्यांची होती. पहिल्या वळणाला सगळ्यांनी श्वास रोखला. राक्षसाचा पंखा विमानासारखा ओरडला. डबा टिकला. दुसरी फेरी झाली. जयदीपच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या फेरीला त्यानं मुद्दाम सगळ्या गाड्यांच्या घोळक्यात गाडी घातली. नेमक्या त्याच क्षणी रसिकानं वड्यांचा पुढचा घाणा सोडला.

कुठून तरी खालून 'धब्ब' असा आवाज आला आणि अंधार झाला. पडदे आधीच ओढलेले होते. एसी थांबले, बंब थांबला, कढई निवली. जिन्यातून पाच मजल्यांचे पाच भाषांतले उद्गार वर आले. आणि त्या काळोखात फक्त एक गोष्ट चालू होती. पडद्यावर पाऊस पडत होता, प्रेक्षक नाचत होते आणि जयदीपची गाडी शेवटच्या वळणावर उलटी पडलेली होती.

"उठा तुम्ही," चारुशीला म्हणाली आणि तिनं जयदीपला खुर्चीतून जवळजवळ उचललंच. यूपीएस शेवटचे आचके देत ओरडत होता. चारुशीलाला अशा ओरडण्याची सवय होती. तिनं गाडी सरळ केली आणि ब्रेक, हॉर्न, सगळं एकदम दाबत सुटली. उघड्या दारातून खालच्या मजल्यावरचं इजिप्शियन कुटुंब उजेडाच्या रोखानं आत आलं, त्यांच्यामागून मल्याळी आले, कासमही आला. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, पण शेवटच्या सरळ रस्त्यावर सगळे मिळून 'यल्ला, यल्ला' म्हणत होते. गाडी रेषेपलीकडे गेली. मग यूपीएसनं मान टाकली.

"शर्यत पुरी झाली," गायधनी अंधारातून म्हणाले. "कॉम्प्युटर बंद पडला नाही. इमारत पडली. तिची पैज नव्हती."

डॉक्टर हरिश्चंद्र सत्यवचनी गृहस्थ होते. अंगावरचा सदरा पिळत त्यांनी निकाल दिला, की पैज गायधनींची आणि प्रकाशयोजनाही गायधनींची. जयदीपनं मान खाली घालून ते मान्य केलं. इमारतीला वीज संध्याकाळी आली आणि तोवर सगळ्या मजल्यांनी मिळून गार वडे संपवले.

पुढच्या बैठकीला गायधनी नव्या दिव्यांचे आराखडे घेऊन गेले. डॉक्टरांनी ते आदरानं बाजूला ठेवले. कार्यकारिणीनं एकमतानं ठरवलं होतं, की यंदाचं नाटक फेब्रुवारीत करायचं. वाळवंटात, तंबूंजवळ, उघड्यावर. भर दुपारी.

पत्रिका छापली. 'प्रकाशयोजना: राजन गायधनी' ही ओळ नेहमीपेक्षा ठळक होती. नाटकाच्या दिवशी गायधनी कडक इस्त्रीचा कोट घालून रंगमंचाच्या कडेला उभे राहिले. तीन अंक त्यांनी हाताची घडी सोडली नाही. शेवटच्या प्रवेशात नायिकेनं दाराकडे पाठ फिरवली, आवाज कापरा झाला आणि तिच्यामागे कुवेतचा लालभडक सूर्य हळूहळू वाळूत उतरू लागला. प्रेक्षकांतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पडदा पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

गायधनी पुढे आले आणि त्यांनी कमरेत वाकून अभिवादन केलं.

"जरा लवकर गेला," मागे वळून ते जयदीपला हलक्या आवाजात म्हणाले. "पुढच्या प्रयोगाला थोडा थांबवून धरू."