ती कुणाकडे जाणार?

पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या रिमाइंडरसाहेबांनी एका रविवारी ठरवलं, की आपल्यामागे मुलांत भांडणं नकोत, वाटण्या जिवंतपणीच उरकून टाकू. (हे नाव कचेरीनं ठेवलेलं. स्मरणपत्र पाठवल्याशिवाय त्यांनी कुणाला सुखानं जगू दिलं नव्हतं.)

"आणि माझं मत?" बायकोनं विचारलं.

"अगं, तुला कशाला त्रास? तुझी सोय मी करतोच आहे!"

बायको निवृत्त मेट्रन. तिच्या चपलांचा आवाज ऐकून वॉर्डातले डॉक्टरसुद्धा शर्टाची बटणं लावायचे. ती नुसता चष्मा पुसत राहिली.

मुलगा-मुलगी आली. साहेबांनी मुलीला हिरव्या चिठ्ठ्या दिल्या, मुलाला लाल.

"ज्याला जे हवं त्यावर चिकटवा. लाजू नका!"

आणि ते मोठ्या मनानं बाल्कनीत जाऊन बसले. खरी झुंज आपल्या सागवानी आरामखुर्चीवरून लागणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. (एक पाय डुगडुगायचा, पण रुबाब म्हणजे रुबाब!)

थोड्याच वेळात आतून आवाज चढले.

"ती माझ्याकडेच येणार!" मुलगी म्हणाली.

"तुझ्याकडे लिफ्ट कुठाय? तिचा एक पाय आधीच कामातून गेलाय!"

"पायाचं मी बघते. तुझ्याकडे ती कोपऱ्यात पडून राहील."

"कोपऱ्यात का म्हणून? खिडकीजवळची जागा तिचीच!"

"तुझ्या त्या दमट घरात वर्षभरात खिळखिळी होईल ती!"

साहेबांना गहिवरून आलं. ते लगबगीनं आत गेले.

"बाळांनो, भांडू नका रे! सहा महिने याच्याकडे, सहा महिने हिच्याकडे. नेताना जपून न्या आणि वर्षातून एकदा पॉलिश करा, म्हणजे झालं."

"बाबा," मुलगी कशीबशी म्हणाली, "आईला पॉलिश?"

खुर्चीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. चिठ्ठ्या होत्या तशाच टेबलावर पडल्या होत्या. आणि स्वयंपाकघराच्या दारात, गुडघ्याला पट्टा बांधून, साक्षात मेट्रन उभी होती.

"झालं वाटून?" ती शांतपणे म्हणाली. "वॉर्डात मी हेच बघत आले. म्हाताऱ्या माणसाला कुणी घरी न्यायचं, यावर बाहेर चर्चा. खाटेवरच्या माणसाला कुणी विचारायचं नाही. मी विचारायचे. आज मला विचारा."

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"मग मीच सांगते. वकीलबाईंशी बोलून आलेय. आम्हा दोघांत जो मागे राहील, त्याचं हे घर, शेवटपर्यंत. त्यानंतर तुम्हा दोघांना सारखं. हातपाय थकले तर मदतीला बाई ठेवू. आणि मी अंथरुणाला खिळलेच, तर उपचार कुठे थांबवायचे तेही मीच सांगून ठेवणार. तुमच्या डोक्याला तो घोर नको."

मुलीनं तिला मिठी मारली. मुलगा खिडकीबाहेर बघत नाक पुसू लागला. साहेब तर थक्कच झाले. उभ्या नोकरीत इतका मुद्देसूद मसुदा त्यांच्या टेबलावर आला नव्हता, आणि तो करणारी बाई इतकी वर्षं त्यांना चहा करून देत होती!

"वा! सगळं मंजूर," ते म्हणाले. मग जरा चाचरत, "पण समजा... तू आधी गेलीस आणि मला एकट्याला झेपलं नाही, तर मी कुणाकडे?"

मुलाचं नाक पुसणं थांबलं.

"ताई मोठी आहे," मुलगा नम्रपणे म्हणाला. "पहिला मान तिचा."

"छे छे! मुलगा म्हणून हक्क तुझा," मुलगी तितक्याच प्रेमानं म्हणाली. "मी आड येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी जन्मात पहिल्यांदा बायकोला चहा करून दिला, रिक्षात अलगद बसवलं आणि दवाखाना उघडायच्या आधी तिला दारात नेऊन उभं केलं.

"हिला नीट तपासा, डॉक्टर! काहीही होता कामा नये!"

डॉक्टरांनी तपासलं. सगळं ठणठणीत.

"मग यांना इतका घाम का फुटलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांना कालपासून माझी फार काळजी वाटतेय," मेट्रनबाई म्हणाल्या. "आलोच आहोत, तर त्यांचंही ब्लडप्रेशर बघून घ्या."