मालकांना विचारून सांगतो

"काका, गीझर नुसता आवाज करतो. पाणी गरम होत नाही," फ्लॅटमध्ये नव्यानेच भाड्याने राहायला आलेल्या नर्सबाई म्हणाल्या.

"मालकांना विचारून सांगतो," हेडक्लार्क म्हणाले.

शेजारी उभी असलेली त्यांची बायको सावकाश वळली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. कारण फ्लॅटचे मालक हेच होते. कर्जाच्या कागदांवर सह्या करकरून बोटं आखडली होती ती यांचीच.

तसा त्यात हेडक्लार्कांचा फारसा दोष नव्हता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत अख्खी नोकरी त्यांनी खिडकीपलीकडच्या माणसांना एकच उत्तर देऊन काढली होती: "साहेबांना विचारून सांगतो." नळाला पाणी नाही, बिल दुप्पट आलं, मीटर बंद पडलाय, उत्तर तेच. साहेब बदलले, टेबल बदललं, खिडकीची जाळी बदलली, उत्तर बदललं नाही. या उत्तराने समोरचा माणूस जातो आणि आपल्या अंगावर काही येत नाही, असा त्यांचा पक्का अनुभव होता. नर्सबाईंचा चेहरा तक्रारीचा झाला आणि वाक्य आपसूक तोंडातून निघून गेलं. घरमालकाला वर साहेब नसतो, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते जिना उतरत होते.

"कोण हो मालक?" बायकोने विचारलं.

"मीच की."

"मग विचारा ना. मी थांबते इथे."

हेडक्लार्क गडबडले. चूक झाली असं म्हणायची सोय नव्हती. साठवलेले पैसे बँकेत ठेवावेत असं बायकोचं मत होतं. "बँकेतल्या पैशाचा नळ गळत नाही," असं तिने स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर हेडक्लार्कांनी कॅलेंडरच्या पाठीमागे आकृती काढून तिला समजावलं होतं, की थोडे पैसे आपले, बाकीचं कर्ज, हप्ता भाडेकरू भरणार आणि आपण निवृत्त होईपर्यंत फ्लॅट फुकटात आपला. बायकोने आकृती उलटी-सुलटी करून पाहिली आणि एका अटीवर मान डोलावली. वर्षभरात डोक्याला ताप झाला, तर फ्लॅट विकायचा. हेडक्लार्कांच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी झालं होतं. ते विकायची कल्पनाही त्यांना सहन होत नव्हती.

"अगं, ती युक्ती आहे," ते म्हणाले. "मालक समोर नसला की भाडेकरूला मागण्या करता येत नाहीत."

"मला तर तुम्हीच दिसेनासे झालात," बायको म्हणाली.

पण युक्ती चालली. करारावर नाव आणि सही हेडक्लार्कांचीच होती, मात्र कागद एजंटने परस्पर केले होते आणि नर्सबाई पहिल्या दिवसापासून त्यांना काका म्हणत होत्या. या काकांचं नाव काय, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. हेडक्लार्क दर आठवड्याला फ्लॅट बघायला जायचे, नर्सबाई तक्रार सांगायच्या आणि ते "विचारून सांगतो" म्हणायचे. नर्सबाईंना त्यांची दया येऊ लागली.

"तुमचे मालक तुम्हाला फार पळवतात हो काका."

"काय सांगू," हेडक्लार्क चहाचा कप हातात घेत म्हणाले. पुढे काय सांगायचं याचा त्यांनी विचार केला नव्हता. पण कपात चहा बराच होता, तेव्हा काहीतरी सांगणं भाग होतं. "भेटायला गेलं की बाहेर उन्हात बसवून ठेवतात. पाणीसुद्धा विचारत नाहीत."

पुढच्या आठवड्यात मालकांना मोठी गाडी आली. त्यापुढच्या आठवड्यात गाडीत बसू न देण्याची सवय लागली. परत येताना हेडक्लार्कांना मालकांचा खरोखरच राग यायचा. एकदा तर घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "साधा गीझर दुरुस्त करून देत नाही हा माणूस." बायकोने हातातली विणकामाची सुई खाली ठेवली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग न्हाणीघर गळू लागलं. खालच्या मजल्यावरच्या छताला डाग पडला आणि खालचे लोक वर येऊन बोलून गेले. नर्सबाई इस्पितळातून दमून आल्या होत्या.

"काका, आता तुमच्याशी बोलायचं नाही. रविवारी मालकांना इथे आणा. नाहीतर मी महिनाअखेरीला घर सोडते."

नर्सबाई गेल्या की भाडं गेलं, भाडं गेलं की हप्ता अडला आणि हप्ता अडला की बायकोचं वर्ष संपलं. खरं सांगून टाकावं, असं हेडक्लार्कांना दोनदा वाटलं. पण खरं सांगायचं म्हणजे इतके दिवस आपणच आपल्याला उन्हात बसवून ठेवलं, हे सांगायचं. ते मेहुण्याकडे गेले.

मेहुणा फर्निचरच्या दुकानात विक्रेता होता. "एवढंच ना दाजी? बसतो मालक म्हणून," तो लगेच म्हणाला. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला नाही म्हणायची बंदी होती, ही गोष्ट हेडक्लार्कांना तेव्हा आठवली नाही.

रविवारी मेहुणा कोट घालून आला. भाऊ काय गोंधळ घालतो ते बघायला बायकोही आली. पहिल्या दिवशी सगळे नळ उघडून बघणाऱ्या आणि कपाटावरून बोट फिरवणाऱ्या या बाई मालकांच्याच घरच्या, हे नर्सबाईंनी तेव्हाच ओळखलं होतं. आता दोघांची नाकं एकसारखी बघून खात्री झाली. खुर्च्या दोनच होत्या. त्यावर भाऊ-बहीण बसले आणि हेडक्लार्क दाराशी उभे राहिले.

"न्हाणीघर गळतंय," नर्सबाई म्हणाल्या.

"उद्या माणूस पाठवतो," मेहुणा म्हणाला.

"गीझर?"

"नवा बसवू."

दाराशी खोकल्याचा आवाज आला.

"खिडक्यांना जाळी नाही."

"लावू की. आणि नर्सबाई, या भिंती अशा चांगल्या दिसत नाहीत. रंगही लावून देऊ. पडदेही मोजून टाकू का?"

खोकला वाढला. "काका, कधीपासून आहे हा?" नर्सबाईंनी विचारलं.

"आत्ताच सुरू झाला."

नर्सबाईंनी त्यांना एक गोळी आणि पाणी दिलं. मग त्या कंबरेवर हात ठेवून मेहुण्यापुढे उभ्या राहिल्या. "या काकांना तुम्ही काय देता?"

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. "म्हणजे, देतो."

"किती?"

"तुम्ही म्हणाल तेवढे."

"भाड्यातले दहा टक्के द्या. या वयात उन्हात बसवता त्यांना. सगळं सांगितलंय त्यांनी मला."

"अजून काय काय सांगितलंय?" बायकोने खुर्चीत पुढे सरकत विचारलं.

हेडक्लार्कांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. पेला रिकामा होता.

"हेच, की मालक तसे वाईट नाहीत. पण त्यांच्या घरी एक बाई आहेत, पैशांची किल्ली त्यांच्याकडे. त्यांच्यापुढे मालकांना तोंड उघडायची सोय नाही. रागावू नका, पण त्या तुम्हीच ना?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत नीट मागे टेकून बसली.

"हो, मीच," ती म्हणाली. "आता माझं ऐका. गळती उद्या थांबेल. गीझर नवा नाही, आहे तो दुरुस्त होईल. जाळी लावू. रंग आणि पडदे विसरा. भाडं एक तारखेला. आणि काही लागलं तर मला फोन करायचा, यांना मध्ये घालायचं नाही. यांना सगळंच कुणालातरी विचारावं लागतं."

"आणि काकांचं?"

"दहा टक्के फार होतात. पाच."

"उपकार झाले, बाई," हेडक्लार्कांच्या तोंडून निघून गेलं. गंमत म्हणजे त्यांना ते मनापासून वाटलं होतं.

त्यानंतर गळती थांबली, पाणी गरम झालं आणि भाडं वेळेवर येऊ लागलं. बायको आठवड्याला फ्लॅटवर जाऊन चहा पिऊन यायची आणि एक तारखेला हेडक्लार्कांच्या हातावर पाच टक्के ठेवायची. ते मोजून खिशात घालायचे. आपल्याच भाड्यातला वाटा मिळाल्याचा आनंद व्हावा की वाईट वाटावं, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पण व्हायचा तो आनंदच.

बघता बघता वर्ष भरलं. कॅलेंडर बदलताना पाठीमागची आकृती दिसली आणि हेडक्लार्कांना बायकोची अट आठवली. दिवसभर त्यांनी विषय टाळला. संध्याकाळी मात्र राहवेना.

"वर्ष झालं," ते चाचरत म्हणाले. "ताप तर झालाच तुला. मग, विकायचा का तो फ्लॅट?"

बायकोने विणकामावरून नजर उचलली नाही.

"मालकांना विचारून सांगते," ती म्हणाली.

हेडक्लार्कांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि नवं कॅलेंडर खिळ्याला अडकवलं. या उत्तराचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार? आता ते निवृत्त होईपर्यंत काही म्हणता काही होणार नव्हतं.