एकही वाक्य न कापता नाटक लहान करण्याची युक्ती

लिखापढीचं कुठलंही काम एका ओळीत उरकता येतं, असं मी छातीठोकपणे सांगतो! ओळ म्हणजे माझ्या काळ्या स्क्रीनवर टाइप करायची आज्ञा. आतल्या ग्रेप नावाच्या प्रोग्रॅमला सांगा, ‘नळ गळतोय’ अशा तक्रारी शोध. लाखभर तक्रारींतून तो पापणी लवायच्या आत शोधून देतो. सेड शब्द बदलतो, सॉर्ट क्रम लावतो आणि ऑक तर काय वाट्टेल ते करतो! ही मंडळी माझ्या जन्माआधीपासून नोकरीत आहेत आणि आजवर एकानंही रजा मागितलेली नाही.

पण आमच्या पाणीपुरवठा कचेरीत रंगीत चित्रांची नवी प्रणाली येऊ घातली होती. चित्रावर बोट ठेवलं की काम झालं! साहेब म्हणाले, “तुमचं ते काळं डबडं सोमवारी उचलायचं.” त्या डबड्याशिवाय कचेरीत मला कोण विचारणार? घरी तर आधीच कुणी विचारत नाही.

अशा वेळी साहेबांचं नाटक माझ्या मदतीला धावून आलं. कचेरीच्या संमेलनासाठी त्यांनी तीन अंकी नाटक लिहिलं होतं. राजा अर्थातच ते स्वतः! शेवटच्या अंकात राजा मरतो, आणि त्या मरणासाठीच बाकीचं नाटक रचलेलं. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात, लिफ्टच्या दारात साहेब मरून दाखवायचे. प्रयोगाला खुद्द मोठे साहेब यायचे होते. आणि त्याच दिवशी सकाळी सभागृहाच्या व्यवस्थापकानं बजावलं, “फार लांबलं तर मी दिवे घालवीन!”

“एकही वाक्य कापायचं नाही!” साहेब गरजले.

“कशाला कापायचं साहेब?” मी पुढे सरसावलो. “जी ओळ पुन्हा पुन्हा येते, तेवढी काढतो. प्रत्येक वाक्य राहणार, फक्त एकदाच!”

“म्हणजे एकही वाक्य जाणार नाही?”

“एकही नाही!”

“आणि नाटक?”

“निम्मं!”

साहेबांनी माझ्याकडे प्रथमच माणूस म्हणून पाहिलं. “जमलं तर डबडं राहील.”

मी ऑकला हुकूम सोडला: ओळ पहिल्यांदा दिसली तर ठेव, पुन्हा दिसली तर टाकून दे. झालं! उरलेलं नाटक वाचून बघावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. सगळी वाक्यं आहेत म्हटल्यावर वाचायचं काय?

पाठांतर कुणाचंच नव्हतं. विंगेतून हेडक्लार्कबाई सांगतील तसं बोलायचं. बाई म्हणजे कागदावर नसलेला शब्द आयुष्यात न उच्चारलेली व्यक्ती! पडद्याच्या दोरीवर शिपाईमामा. तेही कचेरीत मुरलेले, बाईंच्या हुकमाशिवाय बोट हलवणार नाहीत.

पडदा उघडला. सेवक म्हणाला, “महाराज, सेनापती आलेत.” राजा म्हणाला, “आत पाठव.” सेनापती आत आले. झकास! मग राणी आली. पण ‘आत पाठव’ बोलून संपलेलं! बिचारीनं दाराबाहेरूनच राजावर प्रेम केलं. मागून वैद्य आला, गुप्तहेर आला, प्रधान आला, सगळे दाराबाहेर! विंगेत ही चेंगराचेंगरी! शत्रू चालून आल्याचं ऐकून राजा कोसळला, बेशुद्ध झाला आणि पडदा पडला. टाळ्यांचा कडकडाट! मी शेजारी बसलेल्या बायकोकडे ऐटीत पाहिलं.

दुसरा अंक सुरू झाला. पडदा मात्र जागचा हलेना! आतून तलवारींचा खणखणाट ऐकू येत होता. ‘पडदा उघडतो’ ही ओळ पहिल्या अंकात येऊन गेली होती, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी विंगेकडे धूम ठोकली.

“मामा, ओढा दोरी!”

“बाईंनी सांगू दे.”

“बाई, सांगा ना!”

“कागदावर नाही.”

“अहो, मी सांगतोय!”

“लेखी द्या. खाली साहेबांची सही.”

साहेब तर रंगमंचावर शत्रूशी लढत होते! राजाला शोभत नाही म्हणून चष्मा काढलेला, त्यामुळे समोर पडदा आहे की प्रेक्षक, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. आणि लढणाऱ्या साहेबांना सांगायला कोण धजावणार? उरलेले दोन्ही अंक पडद्याआडच रंगले.

अखेर तो क्षण आला. शत्रूची तलवार राजाच्या छातीला लागली. साहेब थरथरले, डोळे फिरवले आणि विंगेकडे बघत उभेच राहिले.

“बाई, पुढे?” ते कुजबुजले.

“पुढे राणी रडते.”

“अहो, मी अजून उभा आहे!”

“आपलं कोसळणं पहिल्या अंकात झालंय, साहेब.”

राणी रडू लागली. प्रधान म्हणाला, “महाराज गेले!” महाराज तिथेच, छातीत तलवार घेऊन!

“अरे, मला मरू द्या!” साहेब ओरडले.

“हे वाक्य आपलं नाही,” बाई म्हणाल्या.

शेवटी साहेब विनापरवानगी मेले. पण काय मेले! मला खरोखर रडू आलं. मग ते उठले, चष्मा लावला, पडदा बाजूला सारून लवून नमस्कार केला आणि मान वर केली. सभागृह रिकामं! फक्त माझी बायको बसलेली.

“नाटक संपलं म्हणून केव्हाच गेले की सगळे,” ती म्हणाली. “तुम्ही आत काय करत होता?”

सोमवारी साहेबांनी बोलावलं. मी जीव मुठीत धरून गेलो.

“मोठ्या साहेबांचा फोन होता,” ते थंडपणे म्हणाले. “इतकं आटोपशीर नाटक त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे. डबड्याची करामत म्हटल्यावर त्यांनी नवी प्रणालीच रद्द केली. डबडं राहील.”

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली!

“डबड्याची काय चूक?” साहेब पुढे म्हणाले. “सांगितलं तेवढं त्यानं केलं. आजपासून ते बाई चालवतील. स्वभाव जुळतो.”

“आणि मी, साहेब?”

मी आता आवक विभागात असतो. येईल त्या कागदावर ‘मिळाले’ असा शिक्का मारतो. दिवसभर तेच! काल न राहवून बाईंना विचारलं, “हे पुन्हा पुन्हा येणारं काम तुमच्या एका ओळीनं नाही का निघणार?”

“निघेल की,” बाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. “तुमच्यासकट.”

मी शिक्का उचलला.